पाठीत सुई घेतली म्हणून पाठीवरच पडून राहायचं का?

गेल्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी भावाच्या मुलीचं डोहाळजेवण झालं. ओटी भरून झाली, पंगत बसली आणि जावईबापूंनी सांगितलं की बाळंतपण नागपूरला करायचं ठरवतोय, तिथे कमरेत इंजेक्शन देऊन कळा थांबवतात. एवढं ऐकलं आणि माझ्या आईच्या हातातला घास तसाच राहिला. आई ८१ वर्षांची. ती म्हणाली, "आमची सहा झाली घरच्या घरी. आढ्याले दोर बांधला, उकिडवी बसली, मोकळी झाली. पाठीत सुई घेऊन मढ्यावानी पडून राह्यनं, याले का बाळंतपन म्हन्तेत?" जावईबापू शिकलेले, आदबीनं बोलणारे, पण तेही मागे हटले नाहीत. "आजी, दात काढतानाही आपण भूल घेतो. मग हिनंच का ओरडत राहायचं? सुई घेईल आणि शांत झोपून राहील." पंगतीत दोन तट पडले. म्हाताऱ्या एकीकडे, नोकरीवाल्या सुना दुसरीकडे. जिच्या पोटात सातवा महिना होता ती खाली मान घालून भात कालवत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मी ३१ वर्षं ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली, त्यातली बहुतेक प्रसूतिगृहात. पण त्या दिवशी मीही गप्पच राहिले. तेव्हा बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

आधी एक साधी दुरुस्ती. त्या इंजेक्शननं, डॉक्टर त्याला एपिड्युरल म्हणतात, कळा थांबत नाहीत, कळांचं दुखणं थांबतं. गर्भपिशवी आपलं काम करतच असते. पण खरी गफलत याहून मोठी आहे. आई आणि जावईबापू इतक्या हिरिरीनं भांडले, तरी एका गोष्टीवर दोघांचं न बोलता एकमत होतं: सुई घेतली की बाई उताणी पडून राहणार. आईला त्याची चीड होती, जावईबापूंना त्यात आराम दिसत होता. दुखणं कमी करायचं की नाही हा एक प्रश्न आणि बाळंत होताना अंग कसं ठेवायचं हा दुसरा. दोघांची एकच मोट बांधली की वाद भरकटतो. माझं मत स्पष्ट आहे. मागेल त्या बाईला दुखणं कमी करण्याचा उपाय मिळाला पाहिजे, खेड्यातल्या बाईलाही. आणि सुई घेतलेली असो वा नसो, कुणालाही तासन्‌तास उताणं ठेवता कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती नाहीत. आपल्याकडे मात्र तिसरंच चाललेलं आहे. खेड्यातल्या बहुतेक बायकांच्या वाट्याला ते इंजेक्शन येतच नाही, तरी त्या लेबर टेबलवर उताण्याच असतात. म्हणजे सुईनं येईल ती जखडण मिळते आणि सुईचा आराम मिळत नाही. भांडायचंच असेल तर यावर भांडायला हवं.

आईच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य करते, कारण ते बरंच आहे. दिवस भरलेली बाई उताणी झोपली की गर्भपिशवीचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बीपी उतरतो आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. माकडहाड टेबलावर दाबलं जातं; बाळाचं डोकं बाहेर येताना ते जरासं मागे सरकायला हवं असतं, तर त्याला जागाच उरत नाही. उकिडवं बसणं, गुडघ्यांवर येणं, दोर धरून लोंबकळणं यांत हे दोन्ही टळतं. जगभरच्या चाचण्या एकत्र करून जे निष्कर्ष निघाले तेही आईच्याच बाजूचे आहेत. कळांच्या पहिल्या टप्प्यात चालत-फिरत, उठत-बसत राहिलेल्या बायकांचा तो टप्पा पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी लवकर आटोपतो. सुई न घेतलेल्या बाईनं शेवटच्या, म्हणजे जोर करायच्या, टप्प्यातही अंग उभं ठेवलं तर बाळ ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ कमी येते, खाली छेदही कमी वेळा द्यावा लागतो. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. गाय व्यायला लागली की तो तिचं दावं सैल करतो, तिला फिरू देतो, बसू देतो, पुन्हा उठू देतो. मग माणसाच्या बाळंतपणात दावं आवळायची रीत कुठून आली? फ्रान्समधला शल्यविशारद फ्रांस्वा मोरिसो यानं १६६८ साली आपल्या ग्रंथात पलंगावर टेकून निजून बाळंत होण्याची शिफारस केली. पुढे बाळंतपण डॉक्टरच्या हाती जात गेलं तशी बाळंत करणाऱ्याला सोयीची ती रीत बाळंत होणारीवर पक्की बसली. खालून नीट दिसावं, चिमटा लावता यावा, टाके घालता यावेत, ही सगळी गरज उभ्या असलेल्या माणसाची आहे. आडव्या असलेल्या बाईची त्यात एकही नाही.

पण आई 'सहा झाली' म्हणते तेव्हा अर्धाच हिशेब सांगते. सहा झाली, राहिलो चौघं. एक भाऊ आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला. नाळ कशानं कापली हे तेव्हा कुणी विचारलं नाही. एक बहीण पायाळू होती, ती अडली आणि गेली. आई वाचली हेच नवल. दोरात काही वाईट नव्हतं, पण दोराखेरीज त्या खोलीत दुसरं काहीच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात. ही कमाई आशाताईंनी, एएनएम बायांनी पायपीट करून मिळवलेली आहे आणि 'पूर्वीचं तेच बरं होतं' म्हणून ती कुणी उधळू नये. शिवाय ज्या चाचण्यांनी उभ्या स्थितीचे फायदे दाखवले त्यांतच रक्तस्राव थोडा जास्त होण्याची शक्यताही दिसली आहे. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यामुळे ही बारीक गोष्ट आपल्यासाठी बारीक नाही. बाळ झाल्याबरोबर रक्तस्राव रोखण्याचं इंजेक्शन, रक्त मोजून बघणारी नजर आणि गरज पडली तर रक्ताची पिशवी, या गोष्टी दवाखान्यातच मिळतात.

जुन्याचा आधार घेणाऱ्यांनी जुनं नीट वाचलेलं बरं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात बाळंतपणावर एक वाद नोंदवला आहे. काही वैद्य म्हणतात, कळा येऊनही बाई मोकळी होत नसेल तर तिला उठवा, हाती मुसळ द्या, उखळात धान्य कांडायला लावा, मधेमधे जांभया देऊ द्या, चालू द्या. संहितेतले गुरू आत्रेय म्हणतात, मुसळ नको. गर्भिणीला जड श्रम वर्ज्य सांगितले आहेत, आणि या घडीला तर तिचं शरीर आधीच डळमळलेलं असतं. जांभई आणि चालणं मात्र ठेवा. पुढे बाळ खाली सरकलं, कळा जोरात आल्या की तिला पलंगावर घ्या आणि मग जोर करू द्या. कळ नसताना कुंथू नको, ते श्रम वाया जातात, हेही तिला सांगायचं. आणि तिच्याभोवती कोण असावं? अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू बायका. हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तो निवृत्तीनंतर, आणि वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. आजचं सगळं शास्त्र आपल्याकडे आधीच होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला त्यातली विचाराची पद्धत भावली. तिथे 'नैसर्गिक की अनैसर्गिक' असा झगडा नाही. कोणत्या वेळी कोणती स्थिती, आणि ती का, एवढंच तपासलं आहे. पहिल्या टप्प्याला एक उत्तर आणि शेवटच्या टप्प्याला दुसरं. आपण पंगतीत बसून एकाच उत्तराची घाई करत होतो.

आता सुई घेतलेल्या बाईचं. कमरेच्या मणक्यांमधून सुई जाते, तिच्यातून केसासारखी बारीक नळी कण्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत ठेवली जाते, सुई काढून घेतात आणि नळी पाठीला चिकटवतात. नळीतून बधिर करणारं बुपिव्हाकेन, आणि त्याच्यासोबत थोडं वेदनाशामक फेंटानिल, असं औषध जात राहतं. दुखणं घेऊन जाणाऱ्या नसा आधी बधिर होतात. मात्रा जास्त झाली की पायांतलं बळही जातं. अशा बाईला आईसारखं उकिडवं बसवलं तर ती पडेल. म्हणून भूलतज्ज्ञ आधी पाय सरळ उचलून दाखवायला सांगतात, आणि तरीही धरणारं कुणी नसेल तर तिला खाली उतरू देत नाहीत. मग तिनं उताणं पडून राहावं का? तिच्यासाठी तर ते दुप्पट वाईट. त्या औषधानंच बीपी उतरतो, त्यात गर्भपिशवीचा दाब भर घालतो. मधला मार्ग आईला माहीत होता आणि जावईबापूंनाही. दोघांनाही तो वादात आठवला नाही. रोज रात्री गरोदर बाई ज्या स्थितीत झोपते तो मार्ग: कुशीवर.

हे निव्वळ माझ्या अनुभवाचे बोल नाहीत. ब्रिटनमधल्या ४१ रुग्णालयांत सुमारे ३१०० पहिलटकरणींवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी कमी मात्रेची सुई घेतलेली. शेवटच्या टप्प्यात काहींना शक्य तितकं उभं, बसतं, गुडघ्यांवर ठेवलं, काहींना डाव्या किंवा उजव्या कुशीवर. बऱ्याच जणांची अपेक्षा असणार की उभ्या स्थितीतल्या बायका सरस ठरतील. झालं उलटं. उभ्या स्थितीतल्या ३५.२ टक्के बायका चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझरविना मोकळ्या झाल्या, कुशीवरच्या ४१.१ टक्के. शंभरात सहा बायकांचा हा फरक आहे, आणि तो फक्त कूस बदलून मिळालेला. कुशीवर ठेवल्यानं बाळाला किंवा बाळंतिणीला जास्त इजा झाली असंही दिसलं नाही. म्हणजे जे सुई न घेतलेलीला उपकारक ते सुई घेतलेलीला उपकारक असेलच असं नाही. 'उभं राहणं नैसर्गिक म्हणून नेहमीच चांगलं' ही घोषणा इथे अडते, आणि 'सुई घेतली, आता पडून राहा' ही समजूतही इथेच अडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात दोन्हीकडच्या बायकांना, सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या, आपल्या पसंतीच्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं असं सांगितलं आहे. पसंती करायची तर तिला आधी हे सगळं सांगायला नको का?

सुईविरुद्ध सांगितलं जातं त्यातलं काही खरं आहे. जोर करायचा टप्पा लांबतो. लघवीची जाणीव जाते, नळी घालावी लागते. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, ताप येऊ शकतो. क्वचित आवरणाला छिद्र पडून नंतर कित्येक दिवस डोकं दुखतं. पूर्वी चिमटा लावायचं प्रमाणही वाढत असे, कारण मात्रा जड असायची. २००१ साली ब्रिटनमध्येच झालेल्या एका चाचणीत जुन्या जड मात्रेखाली ३५ टक्के बायका नॉर्मल बाळंत झाल्या आणि हलक्या मात्रेखाली ४३ टक्के. त्यानंतरच्या चाचण्यांत चिमट्याचं प्रमाण वाढल्याचं दिसत नाही, आणि सुईमुळे सिझर वाढतं ही गावोगाव पसरलेली भीती तर चाचण्यांत टिकलेलीच नाही. पाठ कायमची दुखते ही भीतीही तशीच. बाळंतपणानंतर पाठ सुई न घेतलेलीचीही दुखते. शेतात वाकून, मूल काखोटीला मारून, पाणी वाहून कुणाची दुखणार नाही?

दुखण्यावरचा वाद जुना आहे. १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्पसननं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा विरोधकांनी बायबल काढलं: ईव्हला वेदनेनं प्रसवण्याचा शाप आहे, तो माणसानं का पुसावा? सिम्पसननंही त्याच ग्रंथातून उत्तर दिलं की आदमची फासळी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोपवलं होतं. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीनं आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्या हातून रुमालावर क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाची धार बोथट झाली. राणीचं दुखणं कळायला वेळ लागत नाही. पण याच इतिहासाचा पुढचा अंक जावईबापूंच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी वाचावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मॉर्फिन आणि स्कोपोलामाइन देऊन बाळंतपण करू लागले. बाईला आठवणच राहत नसे, म्हणून वाटे की दुखलंच नाही. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांनी हे आम्हालाही हवं म्हणून चळवळ केली. त्यांची मागणी रास्त होती. पदरात काय पडलं? त्या भ्रमात हातपाय झाडत म्हणून पट्ट्यांनी खाटेला बांधणं, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि खोलीत ती एकटी. दुखणं थांबवण्याच्या नावाखाली तिचं शरीर तिच्याकडून काढून घेतलं गेलं. सुई आज कितीतरी सुरक्षित आहे आणि बाई पूर्ण शुद्धीत असते, तरी 'सुई घेईल आणि शांत झोपून राहील' या वाक्यात मला त्या खाटेची सावली दिसते. शांत कुणासाठी?

सगळ्यांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो माझ्या बरोबर काम केलेल्या डॉक्टरांकडून मी ऐकला आहे. जिथे सिझरलाच भूलतज्ज्ञ मिळत नाही, तालुक्याहून बाईला जिल्ह्याला पाठवावं लागतं, तिथे वेदनामुक्त बाळंतपणाच्या गप्पा कशाला? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. एकच भूलतज्ज्ञ असेल तर तो आधी अडलेल्या बाईकडे गेला पाहिजे, यात शंका नाही. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं भुलीचं प्रशिक्षण दिलं जातं तेही जीव वाचवण्याच्या सिझरसाठी. रात्रभर नळी सांभाळणं, प्रत्येक मात्रेनंतर दर पाच मिनिटांनी बीपी बघणं, बाळाचे ठोके सतत ऐकणं हे त्यात बसत नाही. अर्धवट व्यवस्थेत दिलेली सुई ही न दिलेल्या सुईपेक्षा वाईट. पण मग यातून निघतं काय? खेड्यातल्या बाईनं दुखणं सोसलंच पाहिजे, असं नक्कीच निघत नाही. तालुक्याच्या त्याच दवाखान्यात पुरुषाच्या हर्नियासाठी पाठीत सुई देतात तेव्हा कुणाला सोसण्याची थोरवी आठवत नाही. आणि ही चैन आहे म्हणणाऱ्यांनी पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या, बाळंतिणीकडे बघावं. दुखणं, दमणूक, पाण्याची कमतरता, श्वास अपुरा पडणं, यांतल्या कशानंही तिच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून शिरा तुंबवू शकतात. तिच्यासाठी वेदना थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे. बीपी वाढलेल्या बाईचंही बऱ्याचदा तसंच. ज्या भागात सिकलसेल घरोघर माहीत आहे त्या भागातल्या जिल्हा रुग्णालयात निदान या बायकांसाठी चोवीस तास ही सोय असावी, असं मागणं फार मोठं नाही.

ती सोय येईपर्यंत कूस मात्र आजच बदलता येते. तिला भूलतज्ज्ञ लागत नाही, यंत्र लागत नाही. मग का बदलत नाही? याचं उत्तर मला स्वतःबद्दल द्यावं लागेल. मी कितीतरी बायकांना म्हटलं आहे, "हालू नको, उताणी राहा, पाय वर घे." दोन टेबलं, रात्रीची एकटी ड्यूटी, एकीचं डोकं दिसू लागलेलं आणि दुसरी ओरडते आहे, अशा वेळी दोघी एकाच स्थितीत असल्या तर काम उरकतं. टेबल इतकं अरुंद की कुशीवर वळलेली बाई खाली पडेल अशी धास्ती. आणि खरं सांगायचं तर कुशीवरच्या बाईचं बाळंतपण करायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका प्रशिक्षणात ते पाहिलं. वरचा पाय एकीनं उचलून धरायचा, आपण पाठीच्या बाजूला उभं राहायचं. सगळं नीट दिसतं, हातानं आधारही नीट देता येतो. टाके घालायचे किंवा व्हॅक्यूम लावायचा तर तेव्हा पाय वर घ्यावेत, त्याआधीचे पाच तास कशाला? पुढे मी जमेल तसं तसंच करू लागले. त्याआधीच्या बायकांची आठवण आली की अजून मन खातं.

'एकीनं पाय उचलून धरायचा' यातली ती एक कुठून आणायची, हाच सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. सुई घेतलेल्या बाईला दर अर्ध्या तासानं वळवायला माणूस लागतं, कारण तिचे पाय जड झालेले असतात. न घेतलेलीला उकिडवं बसताना मागून काखेत हात घालायला माणूस लागतं. घरच्या बाळंतपणात आईजवळ काहीच नव्हतं असं मी वर म्हटलं, पण हे एक होतं: सुईण, जाऊ, शेजारीण. दवाखान्यात आणताना आपण तिला वाचवलं आणि त्याच दारात तिच्या माणसांना बाहेर ठेवलं. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला राहू देण्याचं केंद्र सरकारचं धोरण आहे. प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण आणि पसंतीची स्थिती दोन्ही आहेत. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात दोन टेबलांमध्ये पडदा नसतो, म्हणून सोबतीण आत घेत नाहीत. एका पडद्यासाठी धोरण अडून बसलेलं मी पाहिलं आहे. सोबतीणीमुळे गर्दी होते, ती घाबरते, मधेमधे बोलते, ही सिस्टरांची तक्रार खोटी नाही. पण तिला काय करायचं ते आधी सांगितलं तर? नऊ महिने तपासण्या होतात, कार्डावर वजन, रक्त, बीपी सगळं लिहितात. कूस कशी बदलायची, पाय कसा धरायचा, हे शिकवायला अर्धा तास पुरतो. गडचिरोली-मेळघाटासारख्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं आहेत. दिवस भरत आलेल्या बायका सोबतच्या माणसांसह तिथे येऊन राहतात. हातात असलेले ते रिकामे दिवस आपण कशात घालवतो?

आणि अंग कसं ठेवायचं हा प्रश्न प्रसूतिगृहाच्या दारात सुरू होत नाही. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीचं डफरीन, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय, दीडशे. पर्लकोटा नदीला पूर आला तर भामरागडची वाटच बंद. त्या सगळ्या रस्त्यात बाई गाडीच्या स्ट्रेचरवर असते, बहुतेक वेळा उताणी, पट्टा बांधून, खड्ड्याखड्ड्याला कण्हत. तिला डाव्या कुशीवर वळवून पाठीशी घडी केलेलं ब्लँकेट लावलं तर आई आणि बाळ दोघांनाही रक्त नीट पोचतं. वेदनामुक्त प्रसूतीवर नागपुरात भाषणं होतात, ती झालीच पाहिजेत. पण या गाडीतल्या बाईला वळवा असं सांगणारा एक साधा कागद गाडीत चिकटवलेला मला कधी दिसला नाही.

भाचीची तारीख पौषात आहे. ती माहेरीच आहे, तपासणीला नागपूरला जाते. डोहाळजेवणानंतर चार दिवसांनी ती माझ्याकडे आली. "आत्या, दवाखान्यात विचारायचं तर नेमकं काय विचारू?" मी सांगितलं: औषधाची मात्रा हलकी असते का, भूलतज्ज्ञ रात्री दवाखान्यातच असतात का, सुईनंतर कुशीवर ठेवतात का आणि कूस कोण बदलतं, आणि आत माझ्याजवळ कोण येऊ शकतं. पहिल्या दोन प्रश्नांना तिला चांगली उत्तरं मिळाली. तिसऱ्याला डॉक्टरबाई थोडं थांबून म्हणाल्या की तुम्ही सांगा, आम्ही ठेवू. चौथ्याला उत्तर आलं की नातेवाईक बाहेर थांबतात. पुढच्या खेपेला ती पुन्हा विचारणार आहे. सुई घ्यायची की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. कळा सुरू झाल्यावर ठरवीन म्हणते, आणि घरात आता त्यावर कुणी वाद घालत नाही. दर रविवारी दुपारी मी आणि वहिनी तिला सतरंजीवर घेऊन सराव करतो. ती पाय जड झाल्यासारखे सैल सोडते, आम्ही दोघी तिला वळवतो, गुडघ्यांमध्ये गोधडीची गुंडाळी घालतो. परवाच्या रविवारी आई दारातून बराच वेळ बघत होती. मग आत आली, कमरेला हात लावून हळूच खाली बसली आणि भाचीचा वरचा पाय स्वतःच्या खांद्याला टेकवून म्हणाली, "थोडी वर घे वं गुंडाळी. हाड मोकळं राहू दे तिचं."